दोरी कोणाच्या हातात? मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या घंटा समजून घेताना

८ नोव्हेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या उत्तर बुरुजातल्या आठ घंटा एकत्र वाजल्या. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर त्या पहिल्यांदाच बोलल्या. कॅथेड्रल उघडायला अजून महिना होता, तरी या काही मिनिटांच्या घंटानादाची बातमी जगभर गेली. छप्पर जळालं, शिखर कोसळलं, ते पुन्हा उभं राहिलं, हे कौतुक समजण्यासारखं आहे. पण घंटांचं एवढं काय? वेळ तर प्रत्येकाच्या मनगटावर आणि खिशात आहे.

याचं उत्तर मध्ययुगात सापडतं. मध्ययुग म्हणजे युरोपच्या इतिहासातली ढोबळमानानं ५व्या ते १५व्या शतकापर्यंतची हजार वर्षं. त्या काळात चर्चची घंटा ही देवळातली एक वस्तू नव्हती, ती गावाची वाचा होती. कधी उठायचं, कधी चूल झाकायची, कोण मेलं, आग कुठे लागली, शत्रू आला का, बाजार उघडला का, आज गावावर पोपची नाराजी आहे का, हे सगळं तिच्यावरून कळे. म्हणूनच ती वाजवायची दोरी कोणाच्या हातात, हा प्रश्न शतकानुशतकं भांडणाचा राहिला. हा लेख मुख्यतः त्या दोरीबद्दल आहे. पण दोरीकडे जाण्याआधी आवाजाकडे जायला हवं.

एका टोल्यात पाच सूर

घंटा काशाची असते. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. भांड्यांसाठी किंवा हत्यारांसाठी इतकं कथील कोणी घालत नाही, कारण त्यानं धातू कडक होतो तसा ठिसूळही होतो. घंटेला मात्र तो कडकपणाच हवा असतो. मऊ धातू कंपनं लगेच गिळून टाकतो, कडक धातू ती बराच वेळ धरून ठेवतो. किंमत अशी की चुकीच्या जागी टोला बसला किंवा टोला जास्तच जोरात पडला तर घंटा तडकते, आणि तडकलेली घंटा वितळवून पुन्हा ओतण्याशिवाय इलाज नसतो.

आता या आवाजाची खरी गंमत. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. कोणी तो लावलेला नसतो, तारेच्या स्वभावातच तो असतो. घंटेचंही असंच आहे. एका टोल्यातून निदान पाच सूर निघतात: ज्याला आपण तिचा सा समजतो तो, त्याच्या खालच्या सप्तकातला सा, वरच्या सप्तकातला सा, पंचम आणि गांधार. फरक एवढाच, की तंबोऱ्याचा गांधार शुद्ध असतो आणि चर्चच्या घंटेचा कोमल. घंटेच्या नादाला जी एक उदास छटा असते, ती बरीचशी या कोमल गांधाराची करणी आहे. मला हे फार सुंदर वाटतं. लग्नाला आणि अंत्यविधीला एकच घंटा शोभते, त्यामागेही हेच असावं असं माझं मत आहे.

मध्ययुगातल्या कारागिरांना हे पाचही सूर मोजूनमापून जुळवता येत नव्हते. ते तंत्र १७व्या शतकात नेदरलँड्समध्ये हेमोनी बंधूंनी, याकोब फान आइक या अंध संगीतकाराच्या मदतीनं साधलं. त्याआधी सगळा भरवसा ओतकामावर होता. घंटा कुठे जाड, कुठे पातळ ठेवायची, कडा किती बाहेर काढायची, याचा अंदाज ओतारी पिढ्यान्‌पिढ्या बसवत गेले. सुरुवातीच्या घंटा उंच आणि उभट असत. पुढे खालची कडा बाहेर वळत गेली आणि आज डोळ्यासमोर येतो तो आकार घडला. १४९७ मध्ये गेर्ट फान वाउ या ओताऱ्यानं जर्मनीतल्या एअरफुर्टच्या कॅथेड्रलसाठी 'ग्लोरिओसा' ओतली. वजन सुमारे ११ टन, तोंडाचा व्यास अडीच मीटरहून जास्त. ती आजही मोठ्या सणांना वाजते.

एक हिशेब इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे. आकार तोच ठेवून घंटेचा सूर एका सप्तकानं खाली न्यायचा असेल तर व्यास दुप्पट करावा लागतो. व्यास, उंची आणि जाडी तिन्ही दुप्पट, म्हणजे धातू आठपट. खोल आवाज हा असा महाग. त्यामुळे लांबून येणारा वाटसरू नुसता नाद ऐकूनही अंदाज बांधू शके, की पुढचं गाव गरीब आहे की तिथे पैसेवाले व्यापारी किंवा बिशप बसतात.

चर्चच्या अंगणातली भट्टी

१२व्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या नावानं लिहिणाऱ्या एका संन्याशानं कारागिरीवर ग्रंथ लिहिला. त्यात घंटा ओतायची सविस्तर कृती आहे. आडव्या लाकडी दांड्यावर मातीचा गाभा थापायचा. त्यावर चरबीचा थर द्यायचा आणि दांडा फिरवत फिरवत त्याला घंटेचा आकार आणायचा. वरून पुन्हा मातीचे थर. मग आच दिली की चरबी वितळून वाहून जाते आणि मातीच्या दोन भिंतींमध्ये घंटेइतकीच पोकळी उरते. तीत काशाचा रस ओतायचा. पुढे चरबीची जागा मातीच्याच खोट्या घंटेनं घेतली, तरी मूळ युक्ती बदलली नाही.

काही टनांची घंटा कच्च्या रस्त्यांवरून बैलगाडीत नेणं महाकठीण. म्हणून बऱ्याचदा ओतारीच गावोगाव फिरत आणि चर्चच्या अंगणात, कधी खुद्द चर्चच्या आत, खड्डा खणून तिथेच घंटा ओतत. उत्खननांत असे खड्डे, जळकी माती आणि काशाचे थेंब आजही सापडतात. ओतकामाच्या वेळी गाव जमणं साहजिक होतं. पैसा अनेकांचा लागलेला असे, आणि साच्यात ओल राहिली तर उकळता धातू उसळून अंगावर येण्याची भीती असे.

जर्मनीतल्या बाट हेर्सफेल्डची 'लुलुस' घंटा १०३८ सालची आहे. साल माहीत असलेली ती त्या देशातली सर्वांत जुनी ओतीव घंटा. त्याच्याही आधीच्या आयरिश घंटा ओतलेल्या नव्हत्या. लोखंडी पत्रा दुमडून, रिबेट मारून, वर काशाचा मुलामा देऊन त्या केल्या जात आणि हातात धरून वाजवल्या जात. संत पॅट्रिकची म्हणून ओळखली जाणारी अशी एक घंटा डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वेळ मोजायची नव्हती, पाळायची होती

चर्चच्या घंटेचं पहिलं काम संन्याशांना प्रार्थनेसाठी बोलावणं. ६व्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम घालून दिले. त्यात रात्रंदिवस मिळून आठ सामूहिक प्रार्थना होत्या: पहाटेपूर्वी एक आणि दिवसभरात सात. खूण ऐकू आली की हातातलं काम असेल तसं टाकून, लगबगीनं पण गांभीर्य न सोडता यावं, असा नियम आहे. ही खूण वेळेवर देण्याची जबाबदारी मठाधिपतीवर, किंवा त्यानं नेमलेल्या एखाद्या दक्ष बंधूवर. म्हणजे मठातसुद्धा दोरी कोणाच्या हातात हे लिहूनच ठेवलेलं होतं.

इथे आपल्या डोक्यातलं घड्याळ जरा बाजूला ठेवावं लागतं. त्या काळातला तास ६० मिनिटांचा नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करत, तो तास. पॅरिसच्या आसपास उन्हाळ्यात दिवस सोळा तासांचा असतो आणि हिवाळ्यात आठ तासांचा. त्यामुळे तेव्हाचा 'तास' जूनमध्ये आपल्या ८० मिनिटांचा होई आणि डिसेंबरात ४० मिनिटांचा. शेतकऱ्याला यात काही खटकत नसे, कारण त्याचं कामही उजेडाबरोबरच वाढे आणि आटे.

मठाची घंटा संन्याशांसाठी असली तरी तिचा आवाज भिंतीपाशी थांबत नाही. भोवतालच्या पंचक्रोशीतल्या शेतांत, गोठ्यांत तो जाई आणि तिथलं आयुष्यही त्यावर बांधलं जाई. पुढे सामान्य लोकांसाठीच खास घंटा सुरू झाल्या. संध्याकाळी मेरीमातेच्या प्रार्थनेसाठी घंटा वाजवायची रीत १३व्या-१४व्या शतकांत पसरली, नंतर तिला सकाळ जोडली गेली. दुपारची घंटा जोडली गेली ती एका युद्धामुळे. १४५६ मध्ये ऑटोमन सैन्य बेलग्रेडवर चालून आलं, तेव्हा पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसनं दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायचा आदेश दिला. हंगेरीत दुपारच्या घंटेचा संबंध आजही त्या लढाईशी जोडतात. गोव्याच्या चर्चमधून संध्याकाळी आंजेलुसची घंटा ऐकू येते, ती याच परंपरेतली.

रात्रीची आणखी एक घंटा होती, चूल झाकायची. घरं लाकडाची, छपरं गवताची, आणि चुलीतला विस्तव सकाळपर्यंत धुमसत ठेवायचा, कारण पुन्हा पेटवणं जिकिरीचं. एका घरातली ठिणगी आख्खी गल्ली खाई. म्हणून ठरावीक वेळी घंटा होई आणि निखाऱ्यांवर राख लोटून वर मातीचं किंवा धातूचं झाकण ठेवलं जाई. इंग्लंडमध्ये ही सक्ती विल्यम या नॉर्मन राजानं आणली असं सांगतात, पण प्रथा युरोपात इतरत्रही होती. हळूहळू याच घंटेला दुसरे अर्थ चिकटले. दारूची दुकानं बंद, वेशीचे दरवाजे बंद, आणि त्यानंतर कंदिलाविना रस्त्यावर दिसेल त्याला जाब. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात 'ग्रेट टॉम' ही घंटा अजूनही रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोल देते. मूळ १०१ विद्यार्थ्यांना आत घेण्याची ती घंटा. वरची पाच मिनिटं अशासाठी, की ऑक्सफर्डची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे आहे.

इतक्या घंटा, मग लोकांना कळायचं कसं?

शंका रास्त आहे. शहरात डझनावारी चर्चं, प्रत्येकात दोन-चार घंटा. पण माणसं त्या ओळखत, कारण प्रत्येक घंटेचा सूर वेगळा आणि वाजवण्याची पद्धतही वेगळी. घंटा झुलवून वाजवली तर एक अर्थ, जागेवर ठेवून हातोड्यानं ठोकली तर दुसरा. संथ, सुटे टोल म्हणजे मृत्यू. घाईचे, एकाच बाजूवर पडणारे टोल म्हणजे आग किंवा शत्रू. सगळ्या घंटा एकदम म्हणजे सण, विजय किंवा राजाचं आगमन.

व्हेनिसच्या संत मार्कच्या मनोऱ्यात पाच घंटा होत्या आणि पाचांची कामं ठरलेली होती. सर्वांत मोठी 'मारान्गोना'. ती वाजली की जहाजबांधणीच्या गोदीतले सुतार कामाला लागत आणि पुन्हा वाजली की थांबत. महासभेची बैठकही तीच जाहीर करी. 'नोना' दुपारची. 'ट्रोट्टिएरा' वाजली की सभेला निघालेल्या सरदारांनी आपली जनावरं दुडकी हाकायची, कारण वेळ होत आली. एक घंटा ज्येष्ठांच्या सभेसाठी. आणि पाचवी देहदंडाची. ती वाजली की चौकात कोणाचा तरी शिरच्छेद किंवा फाशी आहे हे शहराला कळे. म्हणजे मनोरा चर्चचा, पण पाचांतल्या बहुतेक घंटांचं काम राज्याचं. १९०२ मध्ये हा मनोरा कोसळला तेव्हा एकटी मारान्गोना वाचली आणि नव्या मनोऱ्यात पुन्हा चढली.

मरणाच्या घंटेतही तपशील असे. फ्रान्समधला बिशप गियोम द्युराँ यानं १२८६ च्या सुमारास धर्मविधींवर मोठा ग्रंथ लिहिला. तो सांगतो, की कोणी मरणाच्या दारात असेल तर घंटा वाजवावी, स्त्रीसाठी दोनदा, पुरुषासाठी तीनदा, आणि धर्मगुरूसाठी त्यानं जितक्या पायऱ्यांची दीक्षा घेतली असेल तितक्यांदा. शेतात नांगर धरलेल्या माणसानं ते मोजायचं, कोण असेल ते ताडायचं, आणि त्या जिवासाठी दोन शब्द म्हणायचे. ती नुसती बातमी नव्हती, मागणी होती. एकटं मरायची वेळ त्या समाजात सहसा कोणावर येत नसे, आणि याचं श्रेय मी निःसंकोच त्या घंटेला देतो.

घंटानादानं वादळ पांगायचं का?

नाही. उलट जीव जायचे. पण लोकांची श्रद्धा पक्की होती आणि तिच्यामागे विचार होता. नवी घंटा बुरुजावर चढवण्याआधी बिशप तिला मंतरलेल्या पाण्यानं धुई, पवित्र तेलाची बोटं लावी, तिच्याखाली धूप जाळी आणि तिला नाव देई. तिला धर्ममातापिताही असत. नोत्र-दामला १४०० साली जाँ द मोंताग्यू या बड्या अधिकाऱ्यानं घंटा दिली आणि तिला स्वतःच्या बायकोचं नाव ठेवलं, जाक्लीन. तिचंच कासं पुन्हा पुन्हा ओतत १६८० च्या दशकात आजची तेरा टनांची 'एमान्युएल' झाली. फ्रेंच राज्यक्रांतीत नोत्र-दामच्या जवळजवळ सगळ्या घंटा वितळवल्या गेल्या, त्यातून ती वाचली.

या विधीवर चर्चच्या आतूनही आक्षेप होता. ७८९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं फर्मान काढलं की घंटांना बाप्तिस्मा देऊ नये, आणि गारा टळाव्यात म्हणून काठ्यांना मंतरलेले कागद बांधू नयेत. मनाई करावी लागली, याचा अर्थ दोन्ही गोष्टी सर्रास चालत होत्या. फर्मानानं त्या थांबल्याही नाहीत.

समजूत अशी, की वादळ आणि गारा हवेतल्या दुष्ट शक्तींचं काम, आणि अभिमंत्रित घंटेचा आवाज त्यांना पळवतो. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या १४८६ सालच्या घंटेवर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे: जिवंतांना मी बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते. ढग दाटले की घंटावाला बुरुजाकडे धावे. म्हणजे गावातल्या सर्वांत उंच जागी, टनभर धातूखाली, पावसानं भिजलेली दोरी हातात धरून तो उभा राही. वीज कुठे पडत असेल ते सांगायला नको. १८व्या शतकात विजेचं शास्त्र कळू लागल्यावर फ्रान्समध्ये आणि इतरत्र यावर बंदी आली. घंटावाले मात्र कित्येक गावांत तरीही वाजवत राहिले, कारण पिकं झोपली असती तर गाव त्यांनाच दोष देणार होतं.

घंटा गप्प केल्या तर

घंटेची ताकद तिच्या मौनातही दिसते. पोपच्या हातात एक अस्त्र होतं. एखाद्या आख्ख्या प्रदेशात धर्मविधी बंद करायचे. याला आपण धर्मबंदी म्हणू. इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांचं कँटरबरीच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून बिनसलं आणि १२०८ ते १२१४ अशी सहा वर्षं इंग्लंडवर धर्मबंदी होती. चर्चची दारं लागली, घंटा थांबल्या. भांडण राजाचं, पण मेलेल्याला घंटेविना आणि विधीविना पुरायची वेळ आली शेतकऱ्यावर. लोकांनी वैतागून राजावर दबाव आणावा हाच हेतू होता.

दुसरं मौन प्लेगचं. १३४८ मध्ये इटलीतल्या पिस्तोया शहरानं साथीसाठी नियम काढले. त्यात अंत्यविधीला घंटा वाजवू नये असंही होतं. कारण स्पष्ट लिहिलं होतं: आजाऱ्यांच्या मनात धडकी भरू नये. पुढच्या वर्षी तूर्ने शहरानंही मृतांसाठीच्या घंटानादाला मनाई केली. माणूस गेला की घंटा, अशी सवय असलेल्या शहरात दिवसभर न थांबणारे टोल ऐकत खाटेवर पडून राहणं कसं असेल, याची कल्पना २०२० आणि २०२१ मध्ये रुग्णवाहिकांचे आवाज ऐकलेल्यांना करता येईल.

कामगारांची घंटा

आतापर्यंत दोरी चर्चच्या हातात होती. १४व्या शतकात ती दुसऱ्यांनी मागितली. उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्स (मुख्यतः आजचं उत्तर बेल्जियम) हा लोकरी कापडाचा मुलूख. विणकर, धुणारे, रंगारी हजारोंनी राबत. मजुरी दिवसावर मिळे. मग दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कोणी ठरवायचं? उजेडावर ठरवलं तर रोज वाद. प्रार्थनेच्या घंटांवर ठरवलं तर त्या धर्मगुरूंच्या सोयीनं मागेपुढे होत.

म्हणून मालकांनी वेगळी घंटा मागितली. १३३५ मध्ये आमिएँ शहराच्या महापौरांच्या विनंतीवरून राजा सहाव्या फिलिपनं परवानगी दिली, की मजुरांनी सकाळी कधी कामावर जायचं, कधी जेवायचं, जेवून कधी परतायचं आणि संध्याकाळी कधी सोडायचं हे घंटेनं जाहीर करावं. १३५५ मध्ये एर-सूर-ला-लीस या गावाला अशाच घंटेसाठी खास बुरूज बांधायला मिळाला. हा बुरूज चर्चचा नव्हता, नगराचा होता. फ्लँडर्समधल्या शहरांत आज आपण जे देखणे नगरमनोरे पाहतो, त्यांच्या पायात हा मजुरीचा हिशेबही आहे. खोल आवाज आठपट महाग असतो हे आठवा. त्या मनोऱ्यांवरच्या प्रचंड घंटा पाहून कापडाच्या व्यापारात किती पैसा होता ते कळतं.

मजुरांना हा डाव कळत नव्हता असं नाही. घंटा जरा लवकर वाजवली की दिवस लांबतो, आणि मजुरी तेवढीच राहते. कामाच्या घंटेवरून ठिकठिकाणी झगडे झाले. उशिरा येणाऱ्याला दंड होता, तर बंडासाठी घंटा वाजवणाऱ्याला त्याहून कितीतरी जबर शिक्षा. आणि मार्च १३६७ मध्ये तेरुआन गावात जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथल्या चर्चच्या प्रमुखानं आणि धर्मगुरूंच्या मंडळानं कामगारांना वचन दिलं, की कामाची घंटा कायमची बंद ठेवली जाईल, तिच्यावरून शहरात आणि चर्चमध्ये तंटा उद्भवू नये म्हणून. मजुरांनी राजवाडा घेतला नाही, तिजोरी फोडली नाही. त्यांना एक घंटा बंद करून हवी होती, आणि ती त्यांनी करून घेतली.

घड्याळ आलं, मग घंटेची गरज संपली?

उलट, पहिली यांत्रिक घड्याळं ही घंटा वाजवणारी यंत्रंच होती. १३३६ मध्ये मिलानच्या एका चर्चच्या मनोऱ्यात असं घड्याळ बसलं, त्यातला हातोडा दिवसरात्रीच्या २४ तासांचे टोल देई. इंग्लंडच्या सॉल्सबरी कॅथेड्रलमधल्या, १३८६ चं मानल्या जाणाऱ्या घड्याळाला तबकडीच नाही, काटेही नाहीत. वेळ बघायची गोष्ट नव्हती, ऐकायची होती. १३७० मध्ये फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्सनं पॅरिसच्या राजवाड्यावर आंरी द व्हिक या कारागिराकडून घड्याळ बसवून घेतलं.

यंत्राला जून आणि डिसेंबर कळत नाहीत. त्याचा तास बाराही महिने सारखा. त्यामुळे यंत्र आल्यावर लवचीक तास मागे पडत गेले आणि ६० मिनिटांचा तास घरोघरी पोचला. घंटा तीच, बुरूजही पुष्कळदा तोच. पण ती आता सूर्याचं आणि प्रार्थनेचं ऐकत नव्हती, दातेरी चाकांचं ऐकत होती.

या गोंगाटाला लोक कंटाळत नसत का?

मोटारी नाहीत, कारखाने नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. अशा शांततेत ढगांच्या गडगडाटाखेरीज घंटेइतका मोठा आवाज रोजच्या जगण्यात क्वचितच असे. काही जणांची झोप मोडत असणार. पण वाद पेटले ते बहुतेक आवाजाच्या अर्थावरून आणि हक्कावरून. आज उलट आहे. फ्रान्सच्या खेड्यांत सुट्टीपुरतं घर घेतलेली शहरी मंडळी चर्चच्या घंटांवर आणि कोंबड्यांच्या आरवण्यावर न्यायालयात जाऊ लागली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या कायद्यानं ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानला. त्रास होणाऱ्याच्या तक्रारीत तथ्य असू शकतं, पण कायद्याची बाजू मला पटते. गावाचा आवाज गावात राहणाऱ्यांनी ठरवावा.

घंटा पळवणं

गावाची वाचा काढून घ्यायची तर घंटा उतरवायची, हे जिंकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ९९७ मध्ये स्पेनमधल्या मुस्लिम कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर यानं उत्तरेकडचं ख्रिस्ती तीर्थक्षेत्र सान्तियागो दे कोम्पोस्तेला लुटलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या. तिथल्या मोठ्या मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फेर्नान्दोनं कोर्दोबा घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननं नोव्हगोरोदची स्वायत्तता मोडली. तिथे नगरसभा घंटेनं बोलावली जाई, म्हणून त्यानं ती घंटाच मॉस्कोला नेली. १५४० मध्ये बंड केलेल्या गेंट शहराला सम्राट पाचव्या चार्ल्सनं शिक्षा फर्मावली, त्यात नगरमनोऱ्यावरची 'रोलांड' घंटा उतरवण्याचा हुकूमही होता. लोकांना जमवणारी तीच होती, म्हणून तीही गुन्हेगार.

आणि ही साखळी थेट आपल्यापर्यंत येते. १७३७ ते १७३९ या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून देशावर आल्या आणि देवळांत लागल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. त्या कोणी वितळवल्या नाहीत, क्रूस खरवडलेही नाहीत, ही गोष्ट मोलाची आहे.

पण घंटेचं काम मात्र पार बदललं. चर्चमध्ये ती उंच बुरुजात, नेमलेल्या माणसाच्या हाती, लांबवरच्या लोकांना बोलावण्यासाठी. देवळात ज्याला वाटेल त्यानं टोला द्यावा, आपण आल्याची वर्दी देवाला द्यावी. यापैकी एखाद्या देवळात गेलात तर टोला देण्याआधी घंटेखाली उभे राहून आतून पाहा. कडेजवळ समोरासमोर दोन जागी धातू झिजलेला दिसला, तर त्या तिच्या जिभेच्या, म्हणजे आत लटकणाऱ्या लोलकाच्या, जुन्या टोल्यांच्या खुणा. मग बाहेरून साल आणि क्रूस शोधा, आणि टोला दिल्यावर नाद विरेपर्यंत थांबून कोमल गांधार ऐका.